क्रॅश बँडिकूटची एन सेन ट्रिलॉजी आता घेण्यासारखी आहे का? उड्या खरंच अवघड करून ठेवल्यात का?

घ्या. क्रॅशच्या तीन जुन्या व्हिडिओ गेमचा हा नव्याने बनवलेला संग्रह, आणि हो, त्यातल्या पहिल्या भागातल्या उड्या अवघड झाल्यात. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, कारण पुढे मी माझ्या मामेभावाशी भांडणार आहे.

तुम्ही लिहिलंय की लहानपणी पीएस१वर (सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर) क्रॅश खेळला होतात, आता घरी पीएस५ आहे, मुलगा नऊ वर्षांचा आहे, आणि जो तो म्हणतोय की नव्या क्रॅशच्या उड्या बिघडवल्या. शिवाय जाता जाता कंसात टाकलंय की पुलाच्या लेव्हलमध्ये दोरावरून चालत जाणं ही 'चीटिंग' आहे, ती आता बंद केली असेल तर बरं. बाकीच्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसले ती त्या कंसासाठी.

पण आधी उड्या. मूळ तीन गेम नॉटी डॉग या स्टुडिओचे, १९९६, ९७ आणि ९८चे. २०१७मध्ये पीएस४वर आलेली ट्रिलॉजी व्हिकेरियस व्हिजन्स या दुसऱ्याच स्टुडिओने केली. त्यांच्याकडे जुन्या लेव्हल्सचे सांगाडे होते, पण क्रॅश पळतो कसा, उडतो कसा हे ठरवणारा जुना कोड नव्हता. म्हणून ते सगळं त्यांनी नव्याने बसवलं. बसवताना तिसऱ्या भागातली, म्हणजे वॉर्प्डमधली, चाल पाया म्हणून धरली आणि तीच थोडीफार फिरवून तिन्ही भागांना लावली. उडीची उंची पहिल्या भागाशी जुळवली, पण क्रॅश खाली येतो तो जुन्यापेक्षा लवकर. दुसरी गोष्ट पावलांची. गेमच्या हिशेबात क्रॅश म्हणजे एक न दिसणारा आकार, तो कशावर टेकला की क्रॅश उभा राहिला. नव्या गेममध्ये हा आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा आहे, खालून गोल. त्यामुळे फळीच्या अगदी कडेला उतरलात की तो गोलवा घसरतो आणि तुम्ही दरीत. जुन्यात कडेवर अर्धं पाऊल पडलं तरी भागायचं.

तेव्हा हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. गेम आल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीने स्वतः हे मान्य केलं, पहिल्या भागात जास्त अचूक उडी लागेल असं सांगितलं आणि ज्यांनी जुने गेम खेळलेच नाहीत त्यांनी वॉर्प्डपासून सुरुवात करावी असं सुचवलं. दुसऱ्या-तिसऱ्या भागात हा फरक फारसा जाणवत नाही. म्हणजे तीन गेमच्या संग्रहाबद्दलची ही सगळी बोंब मुळात पहिल्या भागाची, आणि त्यातही मुख्यतः दोन लेव्हल्सची: 'रोड टू नोव्हेअर' आणि 'द हाय रोड'. दोन्ही पुलाच्या. आलात का कंसापाशी?

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: धुक्यात टांगलेला लाकडी पूल. फळ्यांमध्ये मोठमोठी भगदाडं, काही फळ्या पाय पडला की तुटणाऱ्या, मध्येच समोरून रानडुक्कर. दोन्ही बाजूंना कठड्यासारखे दोर. नीट उडी मारून त्या दोरावर उतरलात तर क्रॅश त्यावरून चालू शकतो. भगदाडं, कुजक्या फळ्या, डुक्कर, सगळं बाजूला राहतं.

मला हे सापडलं कर्वे रोडच्या मागे एका गल्लीतल्या पार्लरमध्ये. ब्यूटी पार्लर नव्हे, गेमचं. एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये चार टीव्ही, प्लास्टिकचे स्टूल, अर्ध्या तासाला दहा रुपये. मी धाकट्या भावाला घेऊन जायचे. तो माझा गेटपास होता, कारण एकट्या मुलीला आत शिरताना बघून सगळी पोरं खेळ थांबवून वळून बघायची. कोपऱ्यातला टीव्ही आमचा. त्याच्यासमोरचा पीएस१ कायम उलटा ठेवलेला असे, झाकण खाली आणि बूड वर, कारण लेझर धरणारी प्लास्टिकची पट्टी झिजली होती आणि सरळ ठेवला की सीडी अडकायची. सीडी अर्थातच कॉपी, ती चालावी म्हणून मशीन चिप टाकलेलं. बुडाला काळी असलेली ओरिजिनल सीडी मी पहिल्यांदा पाहिली ती मामाकडे, त्याबद्दल पुढे.

या पार्लरमध्ये क्रॅशचा पहिला भाग खेळणं म्हणजे काय होतं ते आजच्या माणसाला सांगून पटत नाही. त्या गेममध्ये वाटेल तिथे सेव्ह होत नसे. लेव्हलमधली खोकी फोडून टॉनाची, म्हणजे क्रॅशच्या मैत्रिणीची, तीन चिन्हं मिळवायची, मग बोनस राउंडमध्ये जायचं, तो न पडता पूर्ण करायचा, तेव्हा कुठे सेव्हचा पडदा यायचा. नाहीतर एखादा हिरा मिळवायचा, जो आम्हाला कधी मिळाला नाही. बोनसमध्ये पडलात की संपलं, पुन्हा संधी नाही. आणि गॅरेजवाले काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेले. काटा सहावर आला की ते काही न बोलता मागे येऊन उभे राहायचे. "काका, फक्त बोनस, फक्त बोनस!" आम्ही ओरडायचो. काका कधी दोन मिनिटं द्यायचे, कधी सरळ पॉवरचं बटण.

सेव्ह झालं तरी ते टिकेल याची खात्री नाही. सगळ्या पोरांत एकच मेमरी कार्ड, त्यात सेव्ह ठेवायला पंधराच ब्लॉक. एखाद्याला कुस्तीच्या गेममधला स्वतः बनवलेला पैलवान ठेवायचा असला की तो पहिली नजर टाकायचा 'त्या ताईच्या' क्रॅशवर. पुढच्या रविवारी जाऊन पाहावं तर आमच्या जागी कुणा पोराचा मिशीवाला राक्षस उभा.

अशा परिस्थितीत त्या पुलावर फळी-फळी उडी मारत मरत बसणं मला परवडणारं नव्हतं. दोर दिसला, दोरावर उडी मारली, उभी राहिले. भाऊ किंचाळला. शेजारच्या टीव्हीवरची दोन पोरं उठून आली आणि त्यांनी 'परत दाखव' म्हटलं. त्या गॅरेजमध्ये माझी पत त्या दिवशी तयार झाली, आणि नंतर कुणी वळून बघितलं तर ते पुलावर अडकलेले असायचे म्हणून.

आता दादा. माझा मामेभाऊ, सदाशिव पेठेतला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मामाच्या मित्राने बाहेरून आणलेला पीएस१ त्याच्या घरी होता, स्वतःचं मेमरी कार्ड, काळ्या बुडाची सीडी. मे महिन्यात आम्ही राहायला गेलो तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला दोर दाखवला. तो सगळं बघून घेतल्यावर म्हणाला, "हे मोजत नाही. परत कर, फळ्यांवरून." आणि रिमोट काढून घेऊन रिसेट मारला.

मोजत नाही! मोजणारा कोण हा? ज्याच्याकडे दुपारभर मशीन आहे, ज्याच्या मागे कुणी काका घड्याळ बघत उभा नाही, त्याने ठरवायचं की प्रामाणिकपणा म्हणजे काय. फळ्यांवरून जायला त्याला पूर्ण सुट्टी होती. हे तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, मी नुसती रडले आणि आजीने दोघांना आंब्याच्या फोडी देऊन विषय मिटवला. मिटला नाही तो. मुंज, लग्न, बारसं, कुठेही आम्ही भेटलो आणि कुणी 'काय खेळायचात रे तुम्ही' म्हटलं की दादा सांगणार, "ही दोरीवरून जायची."

मध्यंतरी एका भाऊबीजेला आम्ही त्याच्या बाणेरच्या फ्लॅटवर जमलो होतो. त्याने ट्रिलॉजी घेतली होती आणि मुलीला दाखवायला म्हणून 'रोड टू नोव्हेअर'च लावलं होतं. फळ्यांवरून, अर्थात. एक लाइफ गेली, दुसरी गेली, कोपऱ्यातला आकडा उतरत चालला. प्रत्येक वेळी तेच: जुन्या अंदाजाने फळीच्या टोकाला उतरायचा आणि टोकावरून घसरायचा. "उड्या बिघडवल्यात यांनी," तो म्हणाला. मग, "हा रिमोटच लूज आहे." त्याची मुलगी सोफ्याच्या पाठीवर बसून चकली खात होती. ती म्हणाली, "बाबा, आत्याला दे ना."

मी घेतला. स्टिक सोडली, बाणांची बटणं धरली, कारण दोरावर सरळ रेषेत जायचं असतं आणि स्टिकने अंगठा जरा कलला की क्रॅशही कलतो. पहिल्या उडीला पडले, नवा दोर जुन्यापेक्षा जास्त घसरतो हे खरंच. मग जमलं. डुक्कर शेजारून पळत गेलं, मी दोरावर. पोरगी सोफ्यावरून खाली उतरली. "बाबा, हे चालतं!"

"चालतं, पण मोजत नाही," दादा म्हणाला. चाळिशी ओलांडलेला माणूस.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "तुमचं हे अजून संपलं नाही का?"

नाही संपलं, म्हणून तुमच्या प्रश्नाखाली लिहितेय. दोर म्हणजे जुन्या गेममधली चूक, राहून गेलेलं भोक, असं दादा इतकी वर्षं म्हणत आला. ठीक, १९९६चं एक वेळ सोडून देऊ. पण २०१७ला उडी, पावलं, टक्कर, सगळं नव्याने बसवताना तो दोर पोकळ ठेवणं त्यांच्या हातात होतं. चित्रात दिसला असता, पाय टेकला नसता, कुणी तक्रारही केली नसती. तरी दोर पाय धरतो. पाडणारे गोल तळवे फळीला जेवढे, तेवढेच दोराला. उलट दोर अरुंद, म्हणजे हात जास्तच लागतो. आणि ट्रिलॉजीत प्रत्येक लेव्हलला घड्याळाची शर्यत टाकलीय, पहिल्या भागात ती मुळात नव्हतीच. ती लावून खेळणारे या पुलावर सर्रास दोर धरतात. त्यांना जाऊन सांगा, मोजत नाही म्हणून.

फुकटही काही नाही. पुलावरची खोकी फोडल्याशिवाय हिरा मिळत नाही, आणि दोरावरून जाणाऱ्याची खोकी मागे राहतात. गेम स्वतःच त्याची किंमत वसूल करतो. त्यावर दादाचा दंड कशाला?

बरं, तुमचा मुलगा. वॉर्प्ड लावून द्या, मग दुसरा भाग, पहिला शेवटी. आता सेव्ह आपोआप होतं, त्यामुळे आमच्यासारखी रडारड होणार नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा मेलं की गेम आपणहून अकू अकूचा मुखवटा, म्हणजे एक फटका झेलणारं कवच, देतो. हे जुन्यातही होतं, बनवणाऱ्यांनी मुद्दाम टाकलेलं. मुखवटा दिला म्हणून पोराला हसू नका. बऱ्याच लेव्हल्समध्ये क्रॅशऐवजी त्याची बहीण कोको घेऊन खेळता येतं, खेळायला फरक काही नाही, पण माझ्या भाचीने पहिल्या दिवसापासून दुसरं कुणी घेतलेलं नाही.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दोघांनी एकत्र खेळायचा हा गेम नाही, आळीपाळीने रिमोट द्यावा लागेल. पीएस५वर पीएस४चीच आवृत्ती चालते, सेकंदाला ३० फ्रेमची (चित्रांची). ६० हवे असतील तर पीसीवर घ्या. 'स्टॉर्मी असेंट' नावाची लेव्हल दिसली तर मुलाला त्या वाटेला लावू नका: १९९६ला फार अवघड म्हणून वगळलेली, २०१७ला वेगळी बाहेर काढलेली, आणि त्या उडीने आणखी दुष्ट झालेली. आणि तुम्हाला केवळ जुनी आठवण उगाळायची असेल, बोटांना अजून १९९६चाच अंदाज असेल, तर पहिले काही दिवस तुमची चिडचिड होणार. ती गेमच्या माथी मारू नका, बाणेरला एक जण आहे तसा.

हिऱ्यांबद्दल एक राहिलं. ट्रिलॉजीत साधा हिरा लेव्हलमध्ये मेलात तरी मिळतो, सगळी खोकी फोडली की झालं. जुन्यात एकदाही न मरता फोडावी लागायची. रंगीत हिऱ्यांना मात्र न मरण्याची अट अजून आहे. पुलांवरचे साधे हिरे मी काढलेत, फळ्यांवरूनच, त्याशिवाय मिळत नाहीत. दादाकडे 'द हाय रोड'चा अजून नाही.