भागीदारीत विमान घेताय? आधी विमा आणि तपासणी बघा

अभिनंदन! अमेरिकेत दोघा-तिघांनी मिळून जुनं सेसना १७२ (चार आसनी छोटं विमान) घेणं हा नियमित उडत राहण्याचा चांगला मार्ग आहे. सुरुवातीला दोन गोष्टी पक्क्या करा.

विमा: पॉलिसीत प्रत्येक भागीदाराचं नाव विमाधारक म्हणून हवंच. ‘ओपन पायलट’ कलमाच्या (ठरलेल्या पात्रतेच्या कुणाही वैमानिकाला विमान उडवू देणाऱ्या कलमाच्या) अटींत आपण बसतो म्हणून नवखे निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. ते कलम मालकाला संरक्षण देतं. भरपाई दिल्यावर कंपनी तोच पैसा विमान उडवणाऱ्या वैमानिकाकडून वसूल करू शकते. प्रवाशामागची मर्यादाही वाचा. एकूण १० लाख डॉलर दिसतात, पण दर प्रवाशामागे बऱ्याचदा १ लाखच असतात.

तपासणी: वार्षिक तपासणी १२ कॅलेंडर महिन्यांत व्हायलाच हवी. ती चुकली तर विमान जमिनीवर, आणि तरीही उडवलंत तर विम्याचा दावाही अडकू शकतो. फक्त आपापसात उडवणार असाल तर दर १०० उड्डाण-तासांनी होणारी तपासणी बंधनकारक नाही.

विकणारा ‘नुकतंच ॲन्युअल झालंय’ म्हणाला, तरी खरेदीपूर्व तपासणी करून घ्याच, आणि तीही त्या विमानाची देखभाल कधीच न केलेल्या मेकॅनिककडून. तारखा कोण सांभाळणार, दुरुस्तीचे पैसे कसे वाटायचे, हे लेखी ठेवा. एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) वगैरे नंतर बघता येईल; आधी विमानाची सगळी लॉगबुकं (देखभालीच्या नोंदवह्या) मागवा.