पंप नवा घातला, तरी बोटीत पाणी का साचतं?

तुमची तक्रार अशी: शापोऱ्याच्या खाडीत १९ फुटी फायबर बोट, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप फ्लोटवर (पाणी चढलं की तरंगून वर उचलला जाणारा स्विच) आपोआप सुरू होत नाही, हाताने स्विच दाबला तर नुसता गुणगुणतो. नवा पंप बसवला, दोन महिन्यांत तेच रडगाणं.

आता तिसरा पंप घेऊ नका. मी आधी म्हापशात गाड्यांचं वायरिंग करायचो, हल्ली बेतीला बोटींचं करतो. लोक 'गेलेला' म्हणून आणून देतात तो पंप बादलीत बुडवून थेट बॅटरीला लावला की बहुतेक वेळा झकास चालतो. आधी तेवढं करून बघा. जाळी काढून पंख्यात तंगूस किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकलाय का तेही पाहा.

मीटरवर १२.४ व्होल्ट दिसले म्हणजे तार ठीक, असं तुम्ही लिहिलंय. फसगत होते ती इथेच. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे सडका जोडही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. जोडात एका ओहमचा अडथळा असेल, तर ३ अँपिअर वाहताना ३ व्होल्ट तिथेच संपतात आणि पंपाला उरतात नऊ. मग तो गुणगुणेल नाहीतर काय करेल? पंप चालू ठेवून त्याच्या तारा जिथे जोडल्यात तिथेच व्होल्टेज मोजा. मी तर पंपाच्या जागी गाडीचा २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब लावतो. मिणमिणला की समजायचं, जोड सडलाय. काळी, म्हणजे मायनसची तारही तपासा, तिच्याकडे कोणी बघतच नाही.

मग इन्सुलेशन सोला. तांबं चकचकीत हवं. काळं किंवा हिरवी भुकटी दिसली की कापत मागे जा. एका बोटीत मी दीड हात कापलं तरी आत काळंच होतं. खारं पाणी तारेच्या बारीक धाग्यांतून वातीतल्या तेलासारखं वर चढतं.

नवीन ओढताना घरगुती वायर नको, कलई केलेली टिन्ड मरीन वायर घ्या. बॅटरीपासून पाचेक मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर पुरते. काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडा, आणि पेट्रोलची टाकी आत असेल तर झाकणं उघडून वारा खेळू द्या.

जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसला अगदी लागून फ्यूज, पंपावर फ्यूजसाठी लिहिलेल्या अँपिअरचाच. तिथून दोन फाटे, एक फ्लोट स्विचला, दुसरा हातस्विचला. दोघांच्या पलीकडच्या तारा एकत्र करून पंपाच्या प्लसला. हे सगळं मेन स्विचच्या आधी, बॅटरीच्या बाजूने घ्यायचं, नाहीतर तुम्ही मेन बंद करून घरी गेलात की फ्लोट मेलाच. तुमचा ऑटो चालत नाही त्याचं कारण हेही असू शकतं. जोड क्रिंप करून (पकडीने दाबून) आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा, आणि पाणी पोचणार नाही इतके वर बांधा.

काळ्या टेपवर विश्वास ठेवायची शिक्षा मी भोगलेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक जोड टेप गुंडाळून तळातच सोडला होता. चवथीच्या आधी रात्रभर पाऊस ओतला, सकाळी गेलो तर बॅटरीचा डबा बोटीत तरंगत होता. हिशेब साधा आहे: १० चौरस मीटर उघड्या जागेवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी. पंपाच्या खोक्यावरच्या ताशी ११०० गॅलनवर जाऊ नका, तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. आणि पंप रात्रभर चालत राहिला तर बॅटरी किती टिकणार? जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर चढवून ताडपत्री घाला, हे वायरिंगपेक्षा स्वस्त पडतं.

सगळं झाल्यावर फ्लोट हाताने उचलून नव्हे, दोन बादल्या पाणी ओतून तपासा. मोटर जोरात फिरतेय पण धार बारीक आहे असं दिसलं, तर प्लस-मायनस उलटे लागलेत का बघा. उलटा फिरणारा पंखाही थोडं पाणी फेकतो, त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही.