वाडीसमोर दगडी भिंत बांधावी का? माझे उत्तर

तीन पावसाळ्यांत समुद्राकडील कडेचे सात माड गेले, ठेकेदार चाळीस मीटर लांबीची उभी भिंत सुचवत आहे आणि मेअखेर काम पुरे करून देण्याची हमी देत आहे, असे आपण लिहिले आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये मी नेमका याच ठिकाणी उभा होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी अभियंता नाही. जे लिहितो ते स्वतःच्या नुकसानीतून आणि नंतर जाणकारांना विचारून समजलेले आहे. आपला किनारा वेगळा असू शकतो.

माझी वाडी देवबागच्या पट्ट्यात आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी जमीन. भिंतीचा पाया सरळ रेषेत यावा म्हणून मी पुळणीवरची मर्यादवेल आणि तिच्यामागची केवड्याची जुनी बने जेसीबी लावून काढून टाकली. माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक हीच, भिंत तिच्यानंतरची. त्या वेलीखाली आणि केवड्याच्या मुळांत वाळूचा जो उंचवटा धरून राहिला होता, तो माझ्या दृष्टीने निव्वळ अडगळ होता. त्या जागी तीन फूट पाया खणून जांभ्याची पाच फूट उंच, अगदी काटकोनात भिंत उभी केली. पहिल्या पावसाळ्यात ती टिकली आणि मी लोकांना कौतुकाने दाखवत होतो, पण श्रावणापर्यंत भिंतीपुढची पुळण जवळजवळ चार फूट खाली गेली होती. उभ्या भिंतीवर आपटलेल्या लाटेचा जोर जिरत नाही. तो खाली वळतो आणि पायाचीच वाळू खरवडतो. दुसऱ्या वर्षी आषाढी अमावास्येच्या उधाणात भिंत समुद्राकडे कलली आणि दोन दिवसांत आडवी झाली. त्याहून वाईट म्हणजे भिंत जिथे संपत होती तिथे लाट वळसा घालून माझ्या चुलतभावाच्या जमिनीत शिरली आणि त्याचे चार माड घेऊन गेली. आमचे गणपतीला येणे-जाणे दोन वर्षे बंद होते, आणि दोष माझाच होता.

हे असे का होते ते मला उशिरा कळले. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर दांड्याच्या रूपात टाकतात, पुढच्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात, आणि आश्विनानंतर शांत झालेला समुद्र तीच वाळू हळूहळू परत आणतो. मागचा उंचवटा म्हणजे या देवघेवीतील शिल्लक असते. भिंत ती शिल्लक कोंडून ठेवते आणि मी तर ती आधीच उपसून टाकली होती. त्यात २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, वाळू परतण्याच्या ऐन दिवसांत, क्यार वादळ आले. ते किनाऱ्यापासून दूर समुद्रात होते, तरीही त्याच्या लाटांनी उरलेसुरले दगडही नेले.

म्हणून ठेकेदाराला बोलावण्याआधी आपली वाळू परत का येत नाही, हे शोधावे. ‘समुद्र वाढतो आहे’ हे उत्तर मला आता पुरेसे वाटत नाही. ते खोटे नाही, परंतु राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासानुसार महाराष्ट्राचा साधारण चतुर्थांश किनारा धुपतो आहे. म्हणजे त्याच समुद्रासमोर उरलेला किनारा एक तर टिकून आहे किंवा वाढतो आहे. आपल्या जागी वेगळे काय घडते आहे, हा खरा प्रश्न आहे. नदीचे मुख सरकत असेल तर ते निसर्गाचे काम आहे. जवळ नवी जेटी किंवा लाटारोधक भिंत झाली असेल, तर तिच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. नदीवरच्या धरणामागे गाळ अडतो. आणि खाडीत पंप लावून वाळू उपसली जात असेल, तर मुखातून किनाऱ्याला मिळणारा पुरवठा तिथेच तुटतो. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत पारंपरिक समाजांना हातपाटीने वाळूचे दांडे काढण्याची मुभा आहे, ती मुभा यंत्रांना नाही. रात्री खाडीतून इंजिनांचे आवाज येत असूनही सगळा दोष हवामानबदलावर टाकणाऱ्यांचा मला राग येतो, तो इथे आवरतो.

खासगी जागेत परवानगी लागत नाही, असे मला ठेकेदाराने सांगितले होते. ते साफ चूक आहे. भरतीरेषेजवळच्या अशा बांधकामाला किनारा नियमनाची मंजुरी लागते, मग सातबारा कोणाच्याही नावावर असो.

कार्यालयाविषयी थोडक्यात लिहितो, नाव घेत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात माझे आणखी माड पडले, तेव्हा पंचनाम्यात ‘समुद्राच्या धुपीमुळे’ एवढेच लिहिले गेले आणि मी न वाचता सही केली. मदतनिधीच्या अधिसूचित आपत्तींत चक्रीवादळ आहे, धूप नाही. त्या एका शब्दाने माझा अर्ज बाद झाला, आणि दुरुस्तीसाठी आठ महिने मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवले गेले. नुकसान वादळात झाले असेल तर वादळाचे नाव आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

सध्या मी सुरूची आणि उंडीची रोपे मागे लावली आहेत, पुढे मर्यादवेल पुन्हा पसरू दिली आहे आणि त्या पट्ट्यात गुरे व वाहने जाऊ देत नाही. माडांच्या भरवशावर राहू नये. माडाला सोटमूळ नसते, खालची वाळू गेली की तो जातो. सरकारी बंधारा होणार असेल तर तो उतरता आणि सलग किनाऱ्याचा व्हावा यासाठी सर्व वाडीवाल्यांनी एकत्र अर्ज करावा, एकट्याने चाळीस मीटर बांधू नये.

आपल्या विहिरीच्या कठड्यापासून पुळणीच्या कडेपर्यंतचे अंतर दर कार्तिकी पौर्णिमेला मोजून ठेवावे. मे आणि ऑगस्टच्या छायाचित्रांची तुलना करू नये, ती नेहमीच घाबरवते. आपल्या उत्तरेला आणि दक्षिणेला एक-दोन किलोमीटरवर काय आहे ते कळवल्यास पुढचे बोलता येईल. तोवर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.