२०२४ साली जगभर इतके सत्ताधारी पक्ष का हरले?

मुख्य कारण महागाई हेच होते: कोविड आणि युक्रेन युद्धानंतर चढलेले अन्नधान्य, इंधन व घरभाड्याचे दर पुन्हा खाली आले नाहीत आणि मतदारांनी त्याचा राग, विचारसरणी न पाहता, जो सत्तेवर होता त्याच्यावर काढला. त्या वर्षीचे निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की हे स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये १४ वर्षांची हुजूर पक्षाची राजवट संपली, दक्षिण आफ्रिकेत १९९४ पासून बहुमतात असलेली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सुमारे ४० टक्के मतांवर आली, जपानमध्ये सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावले, अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प परतले आणि भारतात भाजप ३०३ वरून २४० जागांवर उतरला. मला सर्वांत बोलका वाटतो तो आफ्रिकेतील बोत्स्वाना या देशाचा निकाल, ज्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही: हिऱ्यांची मागणी घटल्याने देशाची मिळकत आटली, बेरोजगारी वाढली आणि १९६६ पासून, म्हणजे स्वातंत्र्यापासून, अखंड राज्य करणारा पक्ष अवघ्या ४ जागांवर आला, तरीही सत्तांतर शांततेत पार पडले. मात्र सगळेच या एका कारणात बसवू नये. मेक्सिकोत सत्ताधारी पक्षाच्या क्लाउडिया शेनबाम मोठ्या फरकाने विजयी झाल्या, तर बांगलादेशात शेख हसीना आणि सीरियात बशर अल-असद यांची सत्ता मतपेटीतून नव्हे, तर अनुक्रमे विद्यार्थी आंदोलनातून व सशस्त्र उठावातून गेली.