न्हाणीघरासाठी टाइल्स कुठून घ्याव्यात?

प्रश्न : साताऱ्यातल्या जुन्या घराची न्हाणी नव्यानं करतोय. आई सत्तरीची आहे. टाइल्सचं चांगलं दुकान कसं ओळखावं?

उत्तर : दादा, शोरूमच्या झगमगाटावर जाऊ नका. पुष्कळसा माल गुजरातेतल्या मोरबीचाच असतो, फरक दुकानदारात असतो. नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी उभं राहू देतो का, ते आधी पाहा. आईंसाठी जमिनीला मॅट, अँटी-स्किडच घ्या, तीही फूटभराची. उतार नीट निघतो, सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. चकचकीत टाइल भिंतीलाच. सगळ्या खोक्यांवर शेड आणि बॅच नंबर एकच हवा, तो पक्क्या बिलावर लिहून घ्या. १० टक्के माल जादा आणा. न फोडलेली खोकी परत घेणाऱ्याकडेच मी माझ्या गिऱ्हाइकांना पाठवते.