शोफारला मराठीत रणशिंग म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की ज्यूंच्या नववर्षावरच्या एका लेखात "रोश हशानाला सिनेगॉगमध्ये रणशिंग फुंकतात" असं होतं, म्हणजे तिथे फुंकतात त्या शोफार नावाच्या शिंगाच्या वाद्याबद्दल, ते बरोबर का, आणि नसेल तर तुतारी म्हणायचं, कर्णा म्हणायचं की नुसतं शिंग?

माझं मत आधीच सांगते. 'शोफार'च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'मेंढ्याचं शिंग' एवढं जोडा. रणशिंग मात्र नको. बायबलात यरीहो शहराच्या तटाभोवती सात याजक शिंगं फुंकत फिरले त्या गोष्टीत हा शब्द शोभतो, कारण तिथे लढाईच आहे. पण आपल्याकडे रणशिंग फुंकलं म्हटलं की निवडणूक नाहीतर आंदोलन डोळ्यासमोर येतं आणि रोश हशाना हा तर स्वतःचा हिशोब तपासायचा, देवापुढे उभं राहायचा दिवस.

तुतारी आणि कर्णा दोन्ही धातूचे, अडचण तिथेच आहे. हिब्रूत धातूच्या वाद्याला वेगळा शब्द आहे, हत्सोत्स्रा. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात मोशेला चांदी ठोकून अशी दोन करायला सांगितलंय. स्तोत्र ९८ मध्ये तर हत्सोत्स्रा आणि शोफार एकाच ओळीत येतात, मग शोफारला तुतारी म्हणून बसलात तर तिथे चांदीच्या वाद्याला काय म्हणणार?

राहिलं 'शिंग'. हा शब्द चुकीचा नाही पण फार मोठा आहे, त्यात बैलाचंही येतं आणि सांबराचंही. सांबराचं शिंग म्हणजे भरीव हाड, त्याचा शोफार होत नाही. मेंढ्याचं शिंग वेगळं असतं, आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाचं कवच, तो गाभा काढला की पोकळ नळी राहते, टोकाला भोक पाडलं की झालं वाद्य. तोंडाला जिथे लावतात तिथे सोनं मढवलं तर तो बाद! येमेनी ज्यू कुडू नावाच्या आफ्रिकन हरणाचं लांब पिळदार शिंग वापरतात, ते चालतं कारण ते पोकळ असतं. तरी मान मेंढ्याचाच, अब्राहामने इसहाकच्या जागी बळी दिलेला तो झुडपात शिंगं अडकलेला मेंढा, त्याची आठवण म्हणून.

आणि बैलाचं का नाही? इथे मला फार आनंद होतो, कारण साधारण इ.स. २०० च्या सुमारास तयार झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, याच्यावर चक्क शब्दचर्चा आहे. तिथे म्हटलंय की सगळे शोफार चालतात, गायीबैलाचा सोडून, कारण त्याला 'केरेन' म्हणतात. केरेन म्हणजे आपलं साधं शिंग. त्यावर रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) योसे लगेच म्हणतात, अहो पण सगळ्याच शोफारांना केरेन म्हटलंय की, आणि पुरावा म्हणून यरीहोच्याच गोष्टीतलं वाक्य देतात. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ म्हणजे तालमूद, त्यात आणखी एक कारण येतं ते इस्रायली लोकांनी पुजलेल्या सोन्याच्या वासराचं, ज्या पापाची आठवण येते ते घेऊन क्षमा मागायला कसं जायचं.

आता आवाज. तेकिआ म्हणजे एक लांब सरळ सूर, शेवारीम म्हणजे तीन तुटक, तेरुआ म्हणजे नऊ अगदी छोटे. तेरुआ शब्द बायबलात युद्धाच्या गजरालाही येतो, पण या सणाच्या तेरुआचा अरामी अनुवाद रडण्याच्या अर्थाचा आहे. मग तालमूदमधल्या विद्वानांना प्रश्न पडला की हे रडणं कसलं, कण्हणं का हुंदके? कैसरिया शहरातल्या रब्बी अबाहूंनी दोन्ही, कण्हण्यासारखं शेवारीम आणि हुंदक्यांसारखं तेरुआ, फुंकायचं ठरवलं, म्हणून आज दोन्ही ऐकू येतात. हुंदक्याला रणशिंग कसं म्हणायचं सांगा.

हा विषय मराठीला परका नाही, कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, रोश हशानाला 'नव्याचा सण' म्हणत आणि योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, 'दरफाळणीचा सण', त्यामुळे लेखात 'नव्याच्या सणाला' असं लिहिलंत तर मला फार आवडेल.

क्रियापद 'फुंकणे' चालेल, पण 'ऐकणे' जास्त बरोबर. फुंकण्याआधी म्हणतात त्या आशीर्वचनात आज्ञा शोफारचा आवाज ऐकण्याची आहे, आणि कुणी खड्ड्यात उभं राहून फुंकला आणि तुम्हाला नुसता प्रतिध्वनी आला तर तुमचं कर्तव्य झालं नाही असं मिश्ना सांगते. म्हणजे वाक्य होईल "नव्याच्या सणाला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, ऐकतात". लिंग पुल्लिंगीच ठेवा, हिब्रूतही तो 'तो'च आहे. अनेकवचन तिकडे शोफारोत, आपल्याकडे एक शोफार, दोन शोफार.