‘ऑटिझममध्ये असं चालायचंच’?

ताई,

तुमचा 12 वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, फारसा बोलत नाही. गेले दोन-तीन महिने तो गालावर चापट्या मारून घेतो, रात्री उठून बसतो, जेवताना मध्येच काही क्षण हरवतो. डॉक्टर म्हणाले, ‘ऑटिझममध्ये असं चालायचंच.’ सासूबाई म्हणतात, हट्टी झालाय. आणि तुम्ही विचारता, माझंच काही चुकतंय का?

नाही, ताई. पण ‘चालायचंच’ हे मला अजिबात पटलेलं नाही. ऑटिझम जन्मापासूनचा आहे. हे सगळं आत्ता सुरू झालंय. मग कारण शोधायलाच हवं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय, भाकरी बाजूला सारतो, दहीभात मात्र खातो. मारतोही उजव्याच गालावर. मला आधी दाढेची शंका येते, मग कानाची. ‘दुखतंय’ हे त्याला सांगता येत नाहीये. दातांच्या डॉक्टरांकडे गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. तिथली खुर्ची, दिवा, आरसा यांचे फोटो त्याला आदल्या दिवशी दाखवा. शौचाला रोज होतं का, तेही बघा. बद्धकोष्ठता या मुलांत खूप आढळते आणि पोट दुखलं की झोप कुठली लागणार!

मध्येच हरवणं मात्र अंगावर काढू नका. हाक मारून, खांद्याला हात लावूनही तो भानावर येत नसेल, तर ती फिट असू शकते. ऑटिस्टिक मुलांत अपस्माराचं, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचं, प्रमाण जास्त असतं आणि वयात येताना तो पहिल्यांदा दिसू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करायची का, ते सांगतील. फिट पाच मिनिटांहून लांबली तर थेट हॉस्पिटल गाठा.

शाळेत नव्या बाई आल्यात, असंही तुम्ही लिहिलंय. त्याची धास्ती असू शकते. अशा मुलांत चिंता बरीच आढळते आणि तिच्यावर उपचारही आहेत. पण शरीर तपासल्याशिवाय सगळं मनावर ढकलू देऊ नका. झोपेचं औषध तर स्वतःहून मुळीच नको.

खर्चाची काळजी लिहिलीत. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिस्टिक व्यक्तींना वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर अर्ज लगेच करा.

आणि रात्री तुम्हालाच असह्य झालं, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.